घास गिळेपर्यंत

“छान झालंय,” ती म्हणाली. “कुणाची कृती?” हिरव्या स्वेटरची बाई जरा थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, तुमचीच की.”

एवढंच झालं. पुस्तकांच्या दुकानात, तिच्या नव्या पाककृतींच्या पुस्तकावर सह्या करून झाल्यावर, खुर्च्या भिंतीला लावणं चालू असताना. रांगेत अगदी शेवटी उभ्या असलेल्या त्या बाईनं पिशवीतून एक डबा काढला होता, झाकणातच थोडं सूप ओतून दिलं होतं. तिनं सवयीनं आधी वास घेतला, मग अर्धा घोट जिभेवर पसरवला, मग तो प्रश्न विचारला. आजूबाजूचे चारसहा जण हसले. प्रकाशक तर मोठ्यानं हसला आणि म्हणाला, “मॅडम अशी परीक्षा घेतात हं वाचकांची,” आणि सगळ्यांना हायसं वाटलं, बाईलाही. तीही हसली. पण हसताना तिची जीभ दातांमागे अजून चाचपडत होती. मटार, बरोबर. पातीचा कांदा, बटाटा, शेवटी पुदिना आणि लिंबू. एकेक जण ओळखीचा, आणि सगळे मिळून कोण ते कळेना. बाई म्हणाली, राहिलेलं घेऊन जा ना घरी, डबा परत नाही आला तरी चालेल. तिनं नको म्हणायला तोंड उघडलं आणि डबा घेतला.

बसमध्ये डबा मांडीवर कोमट लागत होता. स्वतःचं सूप ओळखू येऊ नये. ज्या पुस्तकाच्या पाठीवर आपला फोटो आहे, हातात मटारच्या शेंगा आहेत, त्या पुस्तकातलं. शेंगांचं म्हणाल तर त्या फोटोच्या दिवशी बाहेर पानगळ चालू होती. वसंताचं पुस्तक वसंतात यायचं म्हणजे ते पानगळीत शिजवायचं, थंडीत छापायचं. हे असंच चालतं, या धंद्यातल्या सगळ्यांचं असंच चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मटार बर्फातले होते. पुदिना काचघरातला. खिडकीबाहेरचं पिवळं झाड दिसू नये म्हणून फोटोवाल्यानं काचेला पांढरा पडदा लावला होता. आता खरा वसंत आला होता, बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक कुंपणावर काहीतरी फुललं होतं, आणि तिच्या घरी शेगडीवर लाल भोपळा होता, कारण मासिकाचा पानगळ विशेषांक. वर्षानुवर्षं ती पुढच्या ऋतूत राहत होती. चालू ऋतू तिला नेहमी शिळा लागायचा. आणि ते सूप, ते तिनं किती वेळा केलं होतं कुणास ठाऊक, पण वाटीभर कधी प्यायलं होतं? चमचा. पाणी पिऊन पुन्हा चमचा. जरा मीठ, पुन्हा चमचा. एखाद्या माणसाचं नाकच तेवढं शंभर वेळा पाहिलं असेल आणि एक दिवस तो आख्खा समोर उभा राहिला तर.

किंवा हे कारण नसेल. पुन्हा लिही: ‘एका जाड बुडाच्या पातेल्यात.’

घरी आली तेव्हा नवरा आला नव्हता आणि आई आतल्या खोलीत पडून होती. डबा ओट्यावर ठेवून ती तशीच मागच्या दारानं बागेत गेली, कारण हवेत गारठा होता आणि मटारच्या रोपांवर जुन्या चादरी घालायच्या होत्या. बाग म्हणजे स्वयंपाकघरामागचा तुकडा. पुस्तकातली बाग निराळी; ती फोटोवाल्याच्या मावशीची. पण प्रकाशकाच्या डोक्यातून निघालं होतं की वाचकांना लेखिकेच्या बागेत जेवायला बोलवायचं, ‘मातीतून ताटात’ असं काहीतरी, रविवार ठरला होता, जागा भरल्या होत्या. आणि मटार वीतभर उंच होऊन थांबले होते. तिनं काठ्या लावल्या होत्या, सुतळ्या बांधल्या होत्या, वेलांनी नुसतं वर बघितलं होतं आणि विचार बदलला होता. खालच्या पानांना गोगलगायींनी जाळी पाडली होती. चादरी घालताना तिला सारखं वाटत होतं की झाडांना पांघरूण घालणारी बाई आतल्या माणसाला पांघरूण घालून आलेली नाही, आणि मग वाटलं की हे वाक्य मासिकात चालेल, आणि मग स्वतःचा राग आला. आत आली तर आई ओट्याशी उभी होती. उभी होती, कशालाही न धरता. डबा तिरपा धरून बोटानं कड पुसत होती. डबा रिकामा होता.

“कुणी केलं होतं हे?” आईनं विचारलं.

“का गं?”

“काही नाही. बरं होतं.” बोट चोखून आई परत खोलीत गेली. जाताना भिंत धरली.

न्यूमोनियातून उठल्यापासून आई जेवत नव्हती. चार घास, कधी तीन, मग ताट हातभर पुढे सरकवायची, फायलीवर सही करून फाईल सरकवावी तसं. हिवाळ्यात तिला इकडे आणलं तेव्हा कोट खांद्यांवर बसत होता. आता कोटात आई शोधावी लागायची. डॉक्टर बाई समजूतदार होती, आवाज चढवायची नाही, तिनं तसंच न चढवता सांगितलं होतं की सोमवारी पुन्हा वजन बघू, आणखी उतरलं असेल तर थांबता येणार नाही, दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. या वयात नळी एकदा गेली की निघणं अवघड असतं, हेही तिनं सांगितलं होतं, पण ते बाहेर, आई कोट घालत असताना. घरी येताना आई म्हणाली होती, “आयुष्यभर मी दुसऱ्यांना वायरी जोडून दिल्या, आता मला जोडताहेत.” आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, बोर्डावर कॉल जोडायची. आणि आई हसली होती, आणि तिला हसू आलं नव्हतं, ती मनात प्रथिनांची बेरीज करत होती.

आता डबा रिकामा होता. तिला आनंद झाला. तो तिनं स्वतःला तपासून दाखवला, हो, झाला. आई जेवली. मग त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी करपल्याचा वास आला. या घरात, तिच्या हातचं, वाफवलेलं, गाळलेलं, लोण्यात परतलेलं, आंबट, गोड, पातळ, घट्ट, सगळं सरकवून झालं होतं. आणि एका अनोळखी बाईचं गार होत आलेलं सूप, उभ्यानं, डब्यातून.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं पुस्तक उघडून ओट्यावर ठेवलं. डाव्या पानावर सुपाचा फोटो, उजव्या पानावर कृती. लिहिलंय तसं करायचं, अक्षराला धरून. हे जमलं नाही. कांदा ‘पारदर्शक होईपर्यंत’ परतायचा होता; तिच्या हातानं तो जरा आधीच उतरवला, कारण या कांद्यात पाणी जास्त होतं हे हाताला कळलं होतं. बटाटा जुना, म्हणून कमी घेतला. मिरपूड पुस्तकात नव्हती आणि पातेल्यात होती. तिनं ते सगळं ओतून दिलं, पुन्हा केलं, हात पाठीमागे बांधल्यासारखे ठेवून, मोजून, घड्याळ लावून. ते आईपुढे ठेवलं. समोर बसली. आईनं चमचा भरला. चमचा तोंडात गेला.

“मीठ?” तिनं विचारलं.

“आहे.”

“म्हणजे बरोबर आहे की कमी आहे?”

“आहे गं.”

“कालच्यासारखं लागतंय का?”

आई विचारात पडली. मनापासून आठवून बघतेय असं दिसलं. दुसरा चमचा घेतला, तोंडात धरून ठेवला, छताकडे बघितलं. गिळायला तिला इतका वेळ लागला की त्या अवधीत शेजारच्यांचं दार उघडून बंद झालं. “काल मला भूक होती वाटतं,” आई म्हणाली आणि वाटी सरकवली.

या घरात जेवण असंच चालायचं. पहिला घास घेतला की काहीतरी बोलायचं, आणि ‘छान’ हा शब्द बंद होता, कारण ‘छान’वरून काही दुरुस्त करता येत नाही. नवरा विमा कंपनीत होता, त्याला भाजीतलं काही कळत नव्हतं, पण इतक्या वर्षांत तो तयार झाला होता. “सुरुवात चांगली आहे, मध्ये जरा सपाट होतंय,” तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा. किंवा, “शेवट लांबलाय.” एकदा त्यानं हे साध्या पाण्याबद्दल म्हटलं होतं, ग्लास भोपळ्याच्या शेजारी होता म्हणून. ती टिपून घ्यायची. ती चेष्टा होती हे तिला पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि कळल्यावरही तिनं टिपलेलं खोडलं नाही. कारण पाणी खरंच जरा लांबलं होतं, त्या दिवशी नळाला वास होता.

आईच्या घरी असं नव्हतं. मुलाखतीत हटकून विचारतात, तुमच्या आईच्या स्वयंपाकघराबद्दल सांगा ना. तोंड पुढे करतात, आता काहीतरी दरवळणार अशा बेतानं. प्रस्तावनेत तिनं एक स्वयंपाकघर लिहिलं होतं, त्यात खिडकी होती, खिडकीत पुदिन्याची कुंडी होती, पदराला हात पुसणारी एक आई होती. आईनं ती प्रस्तावना चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “ही आई कुणाची आहे? बरी दिसते.” खरं म्हणजे आईला दोन पाळ्या असायच्या आणि संध्याकाळचं जेवण म्हणजे जे व्हायचं ते. काय असायचं? तिनं पुष्कळदा आठवून बघितलं आहे. धंद्याला उपयोगी पडलं असतं. ताट आठवत नाही, ताटाची चिरलेली कड आठवते. आईचं बोलणं आठवतं. आई दिवसभर खोळंबलेल्या, चुकीच्या, अर्ध्यात तुटलेल्या कॉलच्या गोष्टी सांगायची, सगळ्यांचे आवाज काढून. एक माणूस रोज स्वतःच्याच घरी फोन लावायचा आणि बायकोनं उचलला की ठेवून द्यायचा, आई म्हणायची, हजेरी घेतो मेला. हसता हसता ताट संपलेलं असायचं. कशानं संपलं? तोंडात काय होतं? काहीतरी गरम. काहीतरी होतं एवढं नक्की, कारण ती वाढली, उंच झाली, दात आले. सगळं लहानपण गिळलं गेलं आणि जिभेवर डाग नाही. याचं तिला कधी दुःख झालं नव्हतं, राग यायचा, एखाद्यानं घरातलं सामान न विचारता नेऊन टाकावं तसा.

भोपळा. ‘पानगळीची पहिली चाहूल लागते ती बाजारात.’ खोडलं. ‘भोपळा चिरताना.’ बाहेर वसंतातला पक्षी कोकलत होता. खोडलं.

तिनं हिरव्या स्वेटरच्या बाईचा नंबर प्रकाशकाकडून मिळवला. प्रकाशकाला वाटलं, काहीतरी गोड चाललंय, वाचकाच्या घरी अचानक भेट वगैरे. तो म्हणाला फोटोवाला पाठवू का. बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, फोनवर मागून काचा घासल्याचा आवाज येत होता.

“तुम्ही त्यात काय वेगळं केलंत?”

“कशात?”

“सुपात. तुम्ही आणलं होतंत त्यात.”

“काही नाही हो. तुम्ही लिहिलंय तसंच.” मग घाबरून, “का? पोट बिघडलं का कुणाचं?”

“नाही नाही. कांदा किती परतलात?”

“परतला की. मग मुलाचा फोन आला, तो घेतला. मग बघितलं तर झाला होता.”

“म्हणजे किती वेळ?”

“बोलणं होईपर्यंत. त्याचं परवा भांडण झालंय ना घरमालकाशी.” आणि बाईनं घरमालकाचं सगळं सांगितलं, आणि तिनं ऐकून घेतलं, पेन्सिल हातात धरून, की यात कुठंतरी कांद्याचा वेळ सापडेल. शेवटी तिनं सरळ विचारलं, आमच्या आईसाठी पुन्हा करून द्याल का. बाईला इतका आनंद झाला की विचारणारीलाच लाज वाटली. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत बाई डबा घेऊन आली, दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तर म्हणाली नको, तुमचं स्वयंपाकघर बघितलं तर मी घरी जाऊन माझं बंद करीन. बाई गेल्यावर तिनं सूप आईच्या आवडत्या वाटीत ओतलं. बोलली काहीच नाही. मीठ विचारलं नाही. हाताची घडी घालून फ्रिजला टेकून उभी राहिली, नुसती.

आईनं दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली.

“आई, हे तेच आहे. त्याच बाईंचं. तू संपवलंस ते.”

“असेल.”

“असेल काय? आहे. मग आता काय झालं?”

आईनं ओठ पुसले. हळू, दोन्ही कोपरे. ती चिडली की असंच करायची, ऑफिसातही करायची असणार. “माझ्या तोंडात घास गेला की तुझी भुवई वर जाते,” आई म्हणाली. “गिळेपर्यंत वरच. मला वाटतं आता ही खाली कधी येणार. मग गिळायचं कसं गं माणसानं? मला बोर्डावर बसल्यासारखं वाटतं, मागे साहेब उभा.”

“मी काही बोलले का?”

“नाही बोललीस. ते आणखी वाईट.”

तिला वाटलं आपण ओरडू. ती ओरडली नाही, वाटी उचलून सिंकमध्ये ठेवली, जपून, आणि ठेवताना बोट बुडवून चाटलं. छान होतं. दुसरा शब्दच सुचेना.

आईला जेवायला घालणे. साहित्य: आई एक, उतरलेली. वेळ: सोमवारपर्यंत. कृती: वाटी ठेवून खोलीबाहेर जावे. (गेले. आई आतून म्हणाली, “दाराखाली तुझी सावली दिसते.”) वाटी ठेवून बागेत जावे. (गेले. खिडकीतून आईनं हात केला, म्हणजे तिलाही ठाऊक की मला खिडकी दिसते.) वाटी ठेवून घराबाहेर जावे, रस्त्याच्या टोकापर्यंत, पत्रपेटीपर्यंत. (गेले. परत आले. वाटीवर साय धरलेली. “तू मुद्दाम गेलीस,” आई म्हणाली. “मला सारखं वाटत होतं, ही बाहेर उभी असेल, पायात चप्पल तरी आहे की नाही.”) नवऱ्याकडून वाढवून घ्यावे. (घेतले. नवऱ्यानं वाटी ठेवली आणि सवयीनं म्हणाला, “कसं वाटतंय?” त्याच्याकडे बघितलं तर म्हणाला, “अगं, तोंडातून गेलं.”) टीप: एकदा कळल्यावर हे कळलेलं काढून घेता येत नाही. न बघणं हेही बघणंच आहे, फक्त पाठमोरं. पर्यायी पद्धत: तिला पर्यायी पद्धत लिहिता येईना. पुस्तकात तिनं प्रत्येक पानाखाली पर्याय दिले होते, पुदिना नसेल तर, लोणी चालत नसेल तर. मुलगी चालत नसेल तर काय घ्यावे हे कुठं दिलेलं नव्हतं.

शनिवारी प्रकाशक बाग बघायला आला. मागच्या दारात उभा राहून तो बराच वेळ मटारच्या काठ्यांकडे बघत होता. “हे येतंय का जातंय?” त्यानं विचारलं.

“गोगलगायी आहेत.”

“मॅडम, लोक उद्या शेंगा तोडायला येताहेत. टोपल्या आणताहेत. एकीनं तर हॅट घेतलीय.” मग आवाज उतरवून, “नर्सरीत तयार वेल मिळतात. कुंडीसकट मातीत गाडले की कुणाला कळतंय?”

“मला.”

“तुम्हाला तर कळणारच, तुम्ही नका बघू तिकडे.” आणि तो हसला. त्याचा काही दोष नव्हता. तो चांगला माणूस होता, वेळेवर पैसे देणारा, आणि हे पुस्तक नीट गेलं नाही तर त्याचंच काही खरं नव्हतं. तिनं त्याला सांगितलं की मटार बाजारातून आणीन आणि तसं सांगीन. त्यानं सांगू नका म्हटलं. ती म्हणाली मग गोगलगायींवर बोलेन. तो म्हणाला, ठीक आहे, पण थोडक्यात. मग जाता जाता, दारात: “आणि आई आहेत ना घरात? प्रस्तावनेतल्या? मी शेवटी त्यांची ओळख करून देतो. दोन शब्द. लोकांना फार आवडेल. पहिली वाटी त्यांच्या हातात देऊ, फोटो होईल.”

“नाही,” ती म्हणाली.

“बघू,” तो म्हणाला.

रविवारी ऊन पडलं. खुर्च्या भाड्याच्या होत्या आणि मातीत रुतत होत्या. माणसं टोपल्या घेऊन आली आणि टोपल्या कुठं ठेवाव्या हे न कळून मांडीवर घेऊन बसली. तिनं सूप मोठ्या पातेल्यात केलं होतं, पहाटेपासून, आणि करताना एकदाही चाखलं नव्हतं. धैर्य नव्हतं ते, कंटाळा होता. हिरव्या स्वेटरची बाई स्वेटर न घालता आली होती, त्यामुळे ती पटकन ओळखू आली नाही आणि तिला दोनदा नमस्कार झाला. वाट्या वाटल्या जात होत्या. प्रकाशकानं खूण केली आणि ती वाफ्यापाशी उभी राहून बोलायला लागली, की मित्रहो, या बागेत तुम्हाला जे दिसत नाहीये त्याविषयी बोलू, आणि लोक हसले, आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं.

आई शाल घेऊन बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. आवाजानं उठली असेल, किंवा पडून पडून कंटाळली असेल. कुणीच तिच्याकडे बघितलं नाही, सगळ्यांची पाठ होती. आई भिंतीच्या कडेनं आली आणि अगदी मागच्या ओळीत, खताच्या ढिगाशेजारी, एका टकल्या माणसाच्या बाजूच्या खुर्चीत बसली. टकल्या माणसाच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात बायकोची वाटी, बायको वेल बघायला उठली होती. तो आईकडे वळून काहीतरी म्हणाला. आईही काहीतरी म्हणाली. त्यानं बायकोची वाटी आईला देऊन टाकली.

ती बोलत होती. गोगलगाय ओलावा शोधते, ती म्हणाली. तिला ते टोक दिसत होतं, डोळ्याच्या अगदी कडेला, शालीचा करडा डाग आणि त्यात काहीतरी हललं, चमकलं. चमचा. वर गेला. तिची भुवई आपोआप निघाली. तिला ती निघालेली जाणवली, एखादी दोरी ओढल्यासारखी, आणि तिनं मान वळवली. पूर्ण वळवली, खांद्यासकट, लोकांकडे जवळजवळ पाठ करून, आणि रिकाम्या काठ्यांकडे बघत बोलायला लागली. काठी जमिनीत किती खोल रोवावी. सुतळी कशी बांधावी. मागून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. टकला माणूस बहुतेक त्याच्या कुत्र्याबद्दल सांगत होता, त्याला म्हणे विजेची भीती वाटते, आणि आई विचारत होती, मग त्याला धरतं कोण. आवाज थांबला. थांबलेलाच राहिला. पुन्हा सुरू झाला. तिला आत्ता समजलं की हे थांबणं म्हणजे तोंडातला घास आहे, आणि ती आणखी सावकाश बोलायला लागली. बोलणं, थांबणं, बोलणं. चमचा वाटीला लागतो तो आवाज एवढ्या लांब येणं शक्य नव्हतं, तरी ती ऐकत होती. चादरींबद्दल, ती म्हणाली. थंडीत चादरी घालाव्यात. सुती. सुतीच का, याची तीन कारणं आहेत. तिला दोन माहीत होती.

खुर्च्या कुरकुरायला लागल्या होत्या. कुणीतरी खोकलं. प्रकाशक तिच्या नजरेसमोर यावं म्हणून वळसा घालून वाफ्याच्या पलीकडे आला होता, मनगटावर बोट आपटत होता, आणि मग त्यानं मागच्या ओळीकडे बघितलं, शाल बघितली, आणि त्याचा चेहरा उजळला. तिनं ते बघितलं. तो आता टाळी वाजवणार, म्हणणार, आणि मित्रहो, आज आपल्यात. आणि सगळ्या खुर्च्या एकदम वळणार, सगळ्या टोपल्या, ती हॅट, आणि ती बाई विचारणार, आजी, कसं झालंय? आणि इतक्या भुवया. तो एक पाऊल पुढे आला. “थांबा,” ती त्याला म्हणाली, सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात, “माझं व्हायचंय अजून,” आणि तो थांबला, कारण असं ती कधीच बोलली नव्हती. पहिल्या ओळीतली दोन माणसं घड्याळ बघत होती. हिरव्या स्वेटरची बाई तेवढी मान हलवत होती, प्रत्येक वाक्याला, प्रेमानं, काहीही न कळता. खत झालं होतं. पाणी झालं होतं. गोगलगायी दोनदा झाल्या होत्या. आतून सगळं संपलं होतं, एक शब्द नव्हता, आणि मागे आईचा आवाज थांबलेला होता.

“आता मुळ्याकडे वळू,” ती म्हणाली, आणि जिथं काहीच पेरलेलं नव्हतं त्या मातीच्या पट्ट्याशी जाऊन वाकली. “मुळा हा फार सबुरीचा विषय आहे. पहिल्यांदा आपण त्याचं पान बघू.”